तारीख कुणी सांगितली?

गोळ्यांचं पाकीट घडीच्या टेबलावर मधोमध पडलं होतं आणि सगळं घर त्याच्याभोवती बसलं होतं. लाँड्रीतलं हे टेबल चांगलं लांबरुंद, दोन माणसांनी दोन टोकांना उभं राहून चादर घडी करावी असं. वर राहत्या जागेत बैठकीची खोली होती, पण या घरातली कुठलीच मोठी गोष्ट तिथे ठरली नव्हती. थोरल्याचं लग्न इथे ठरलं, ताईचं लग्न मोडल्याचं इथे कळलं, आणि धाकट्याने बस चालवणारी मुलगी पसंत केली तेव्हाची रडारडही इथेच, हॉटेलांच्या चादरींच्या ढिगांमध्ये पार पडली. आज मशिनं लवकर बंद केली होती आणि कामगारांना घरी पाठवलं होतं. म्हणजे मामला गंभीर होता.

धाकटी सून टेबलाच्या टोकाला उभी होती. अंगावर अजून ड्रायव्हरचा निळा शर्ट. डेपोतून ती थेट दवाखान्यात गेली होती आणि तिथून थेट इथे आली होती. 'बस गं जरा' असं प्रत्येकाने सांगून पाहिलं, पण ती बसली नाही. एकदा बसलो की आपण ऐकून घ्यायला लागू, अशी तिला भीती वाटत होती.

"दोन आत्ता घ्यायच्या, बाकीच्या उद्या," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला सगळं समजावून दिलंय. घरच्या घरी होतं. दोन दिवस पडून राहायचं, झालं."

"तुम्हाला समजावलं," धाकटी म्हणाली.

"मग कुणाला समजावणार? तू तिकडे छताकडे बघत पडली होतीस."

ते खरं होतं. धाकटी पलंगावर पडली होती आणि डॉक्टर तिच्या अंगावरून पलीकडे बघत सासूबाईंशी बोलत होते. शेवटच्या पाळीची तारीख काय, असं त्यांनी विचारलं आणि धाकटीने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी तारीख सांगून टाकली. पाळी वेळेवर येते का? घड्याळासारखी, हेही सासूबाईंनीच सांगितलं. डॉक्टरांनी टेबलावरची आठवडे मोजायची पुठ्ठ्याची चकती फिरवली, आठ आठवडे असं लिहिलं आणि मग सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं. आठ आठवड्यांच्या मानाने फारच लहान आहे म्हणाले. नुसती सॅक आहे, गर्भाची पिशवी, आत बाळ दिसत नाही, ठोके नाहीत, वाढ थांबलीय. "माझं बीज उशिरा सुटलंय, डॉक्टर," असं धाकटी म्हणाली, तर ते हसले आणि म्हणाले, सगळ्यांना असंच वाटतं. चहा निवायला लागतो तेवढा वेळही या माणसाने घेतला नाही. मग त्यांनी गोळ्यांचा कागद लिहिला आणि तो सासूबाईंच्या हातात दिला. पोट एकीचं आणि कागद दुसरीच्या हातात, याचं तिथे कुणालाही काही वाटलं नाही.

"मी घेणार नाही," धाकटी म्हणाली. "दहा दिवसांनी परत बघूया. तोवर नाही."

"आणि तोवर काही झालं तर?" मोठ्या जाऊबाईंनी विचारलं. त्या टेबलाला रेलून बसल्या होत्या आणि काळजी वाटत असल्यासारखा चेहरा केला होता. "अंगात विष भिनलं तर? मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होते, ती बस सोड. ते खड्डे, ते ब्रेक, ते क्लच दाबणं. कसं टिकणार?"

"आमच्या बसला क्लच नसतो, जाऊबाई. कधीच गेला तो."

"क्लच नसेल, खड्डे तर आहेत ना."

खड्डे होते हे धाकटीलाही मान्य करावं लागलं. पण त्याचा इथे काय संबंध, हे विचारायला ती तोंड उघडणार तेवढ्यात तिचा नवरा मध्ये पडला. याला घरात सगळे इस्त्री म्हणत. दोन माणसांत जराशी सुरकुती दिसली की हा गरम होऊन तिच्यावरून फिरायचा, आणि भांडण मिटलं नाही तरी दिसेनासं व्हायचं. लग्नाआधी धाकटीला त्याचा हाच गुण फार आवडला होता.

"हे बघा," तो म्हणाला, "आईचंही बरोबर आहे. डॉक्टर काही उगाच सांगणार नाहीत. आणि हिचंही बरोबर आहे."

"दोघींचं कसं बरोबर असेल?" धाकटी म्हणाली. "एकीच्या बोलण्यात मूल मेलंय आणि एकीच्या बोलण्यात जिवंत आहे. तू कुठल्या मुलाचा बाप आहेस ते ठरव."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सासरे हॉटेलचे नॅपकिन घडी करत होते. आयुष्यभर मशीनच्या घरघरीत राहून त्यांचा एक कान गेला होता, आणि उरलेल्या कानाने ते आपल्याला हवं तेवढंच ऐकत. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्यामागे बंद प्रेसजवळ ताई उभी होती. ती आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

धाकटीने शर्टाच्या बाह्या वर केल्या. स्टिअरिंगवर बसण्याआधी ती हेच करायची.

"एकदाच सांगते, नीट ऐका. माझी पाळी महिन्याला येत नाही. दीड महिना, कधी दोन महिने, तिच्या मनाला येईल तेव्हा येते. बीजही तसंच उशिरा सुटतं. म्हणून मी पट्ट्या आणल्या होत्या. रोज तपासायच्या, रेघ गडद झाली की समजायचं, आता सुटणार. नवा ड्रायर बसवला ना आपण, त्याच्या पुढच्या आठवड्यात रेघ गडद झाली. मूल त्यानंतरचं आहे. म्हणजे ते आत्ता पाच आठवड्यांचं धरायचं. पाच आठवड्यांना ठोके कुठून दिसणार?"

"पट्ट्या?" जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

"मग आठ आठवडे आले कुठून?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडून. ती तारीख माझी नाहीच. माझी खरी तारीख त्याच्याही आधीची आहे. तारखेने मोजायला गेलं तर माझं मूल आणखीच मागे पडतं. म्हणून म्हणतेय, तारखेने मोजूच नका."

ही गोष्ट तिला स्वतःला समजायला पुष्कळ वेळ लागला होता. त्यामुळे इतरांना एका दमात समजेल अशी तिची अपेक्षा नव्हती. पण निदान कुणीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करेल असं वाटलं होतं. जाऊबाईंनी प्रयत्न केला, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मोजता मोजता थांबल्या आणि परत पहिल्या बोटावर आल्या.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांच्या हिशोबाने दिवस राहिले ते सहा आठवड्यांपूर्वी. हो ना? पाळीनंतर दोन आठवडे धरायचे. तेव्हा धाकटे भाऊजी इथे होते का?"

"मी कुठला असणार?" इस्त्री सरळपणे म्हणाला. "मी ड्रायर आणायला गेलो होतो ना. तो सेकंडहँड, दुरुस्त करून घेण्यात महिना गेला."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. नॅपकिनांची सळसळ थांबली. जाऊबाईंनी नजर खाली वळवली, पण ती अशी वळवली की सगळ्यांना दिसावी. सासूबाईंनी धाकटीकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं आणि लगेच डोळे काढून घेतले, पण धाकटीला तो क्षण पुरला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघा ना," ती म्हणाली. "नीट बघा, लाजता कशाला? डॉक्टरांचा हिशोब खरा धरायचा, तर माझ्या पोटात मेलेलं मूल आहे आणि तेही परक्याचं. माझा हिशोब खरा धरायचा, तर ते जिवंत आहे आणि याचं आहे. दोन्ही तुमच्यासमोर ठेवलंय. आणि तुम्हाला पहिलं पटतं? या घरात चार वर्षं काढली मी. पहाटेची ड्यूटी करून येऊन तुमच्या चादरी वाळत घातल्यात. आणि एका पुठ्ठ्याच्या चकतीपुढे माझी एवढीच किंमत?"

"अगं, तसं कोण म्हणालं?" जाऊबाई म्हणाल्या. "मी आपलं सहज मोजलं."

"वहिनी," इस्त्री म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो चिरका झाला होता. "परत मोजू नका."

एवढंच तो बोलला. पण या माणसाने आजवर कुणाला 'नको' म्हटलं नव्हतं, त्यामुळे जाऊबाईंचा चेहरा उतरला. तो उठला आणि टेबलाला वळसा घालून धाकटीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. धाकटीला त्याचा राग आलेलाच होता, तो काही लगेच गेला नाही. तरी तिने त्याला बाजूला उभं राहू दिलं.

सासूबाई मात्र हटणाऱ्यातल्या नव्हत्या. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे डाग काढले होते. कॉफीचा कुठला आणि रक्ताचा कुठला, हे त्यांना लांबून कळायचं, आणि या ज्ञानाचा त्यांना अभिमान होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "वेडंवाकडं कुणाच्या मनात नाही. पण तुझी पाळी दोन महिन्यांनी येते हे मला सांगू नकोस. तुझं बोचकं दर आठवड्याला माझ्या हाताखालून जातं. पिवळा धागा. दर महिन्याला ठरलेल्या वेळी त्यात डागाची चादर असते. म्हणून तर मला तुझ्याआधी कळलं. गेल्या महिन्यात डाग आला नाही, त्याच दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, धाकटीला दिवस गेलेत. सांगितलं की नाही?"

सांगितलं होतं. धाकटीने मावशींपासून डेपोतल्या वॉचमनपर्यंत सगळ्यांची अभिनंदनं तेव्हाच स्वीकारली होती, आणि सासूबाईंच्या समाधानासाठी तपासणीही केली होती. ती कोरी आली. तर सासूबाई म्हणाल्या, तपासणीच खराब आहे. पुढे तीन आठवड्यांनी खरंच दोन रेघा आल्या आणि सासूबाईंचं म्हणणं दगडावरची रेघ झालं.

धाग्यांची ही पद्धत घरातली जुनी होती. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना खूण म्हणून रंगीत धाग्याचा टाका घालतात, तसाच घरच्या कपड्यांनाही घालायचा. थोरल्यांच्या खोलीचा लाल, धाकट्यांचा पिवळा, सासूसासऱ्यांचा काळा. म्हणजे घरचं आणि बाहेरचं मिसळत नाही आणि कुणाचं काय ते लगेच समजतं.

"आई," प्रेसजवळून ताई म्हणाली, "माझा धागा कुठला?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. ताई म्हणजे इस्त्रीची मोठी बहीण. सासरहून परत आली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"तुझा हिरवा," सासूबाई म्हणाल्या.

"हिरवा लग्न झाल्यावर उसवलास. लेक परक्याची झाली, तिचे कपडे आता इथे कशाला येतील, म्हणालीस. मग मी परत आले. चार दिवसांची पाहुणी म्हणून मला पिवळ्या कपाटातल्या चादरी दिल्या. चार दिवसांची दोन वर्षं झाली. एकदा तरी विचारलंस का, हिच्या कपड्यांना कुठला धागा घालू? माझं सगळं पिवळ्या बोचक्यात जातं. घड्याळासारखी येते ती माझी. डाग माझे आहेत."

सासूबाईंनी समोरच्या चादरीच्या कोपऱ्यातला टाका चाचपला.

"आणि गेल्या महिन्यात डाग आला नाही," ताई पुढे म्हणाली, "कारण मी मावशीकडे होते. तिचं ऑपरेशन झालं म्हणून तूच पाठवलंस."

असं सगळं होतं. सासूबाईंनी लेकीच्या चादरी पाहून सुनेची पाळी ठरवली, लेक गावाला गेली म्हणून सुनेला दिवस गेल्याचं जाहीर केलं, आणि नंतर योगायोगाने खरंच दिवस गेले तेव्हा बोलाफुलाला गाठ पडली. त्या तारखेवर डॉक्टरांनी चकती फिरवली आणि त्या चकतीवरून एका जिवाचा निकाल लागला. धाकटीला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण गोळ्या अजून टेबलावरच होत्या.

"तरीसुद्धा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बराच खाली आला होता. "पडद्यावर काही दिसलं नाही हे तर खरं आहे ना? तारीख चुकली असेल, डॉक्टरांचे डोळे काही चुकले नाहीत. उद्या अंगावर बेतलं तर मी हिच्या आईला काय तोंड दाखवू? तुझ्या वेळीही मी वेळ घालवला नाही, म्हणून तू धडधाकट उभी आहेस."

ताई टेबलापाशी आली. "मी घेतल्या होत्या गोळ्या," ती धाकटीकडे बघत म्हणाली. "सहा वर्षं झाली. पहिलंच होतं, इकडे राहायला आले होते. याच डॉक्टरांनी दिल्या आणि याच टेबलाशी बसून घेतल्या. मी खूप रडत होते आणि सगळे म्हणत होते, लवकर घे म्हणजे लवकर सुटशील. थांब म्हणणारं कुणी असतं तर मी थांबले असते."

"तुझं वेगळं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझं खरंच गेलं होतं."

"असेल," ताई म्हणाली. तिने पाकीट उचललं आणि आपल्या खिशात टाकलं. "पण ही थांबणार आहे."

"दहा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?" सासरे अचानक म्हणाले. "हॉटेलवाल्यांच्या पैशांना महिना महिना थांबतो आपण."

ते एवढंच बोलले आणि परत नॅपकिनांकडे वळले. सासूबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू प्रेस मशीनच बोलायला लागलं होतं. मग त्या उठल्या आणि जिना चढून वर गेल्या. जाताना म्हणाल्या, "मी म्हणते ते कुणाला पटत नाही तर ठीक आहे. पण दाखवायचं त्याच डॉक्टरांना. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, दुसरीकडे नेलं म्हणून वेगळं निघालं."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पुढचे दिवस धाकटीला फार जड गेले. हट्ट करणं सोपं होतं. तो खरा ठरवणं तिच्या हातात नव्हतं. टेबलाशी आपण छातीठोक बोललो त्यातलं किती आपल्याला खरंच माहीत आहे, असं ती गाडी चालवताना स्वतःला विचारायची. पट्टीवरची रेघ गडद झाली म्हणजे बीज सुटलंच असं कुठे आहे? आणि सुटलं, मूलही राहिलं, तरी ते वाढेलच कशावरून? उशिरा सुटलेल्या बीजाची मुलं टिकत नाहीत असंही तिने कुठेतरी वाचलं, आणि तसं काही नसतं असंही वाचलं. मग तिने वाचणं सोडून दिलं.

सकाळी मळमळलं की तिला बरं वाटायचं. मळमळलं नाही की ती मुद्दाम कांद्याचा वास घेऊन बघायची. दर वेळी बाथरूममध्ये जाताना ती आधी डोळे मिटून घ्यायची आणि मग बघायची. एकदा खरंच तपकिरी डाग दिसला. अगदी बारीक, पण दिसला. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. इस्त्रीने दारावर थाप मारली, तर तिने दार उघडलं नाही. ताई आली तेव्हा उघडलं.

ताईने डाग बघितला. 'काही होत नाही' असं ती म्हणाली नाही. तिला तरी काय माहीत होतं? तिने आपल्या ओळखीच्या एका नर्सला फोन लावला. नर्सने विचारलं, दुखतंय का, रक्त लाल आहे का, वाढतंय का? तिन्हीला नाही असं उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, असं पुष्कळींना होतं, लक्ष ठेवा, दुखायला लागलं किंवा लाल रक्त आलं तर तडक या. ताई फोन ठेवून धाकटीच्या शेजारी फरशीवरच बसली.

"घेतल्या असत्या गोळ्या, तर आत्तापर्यंत सुटलेही असते," धाकटी म्हणाली.

"हो, सुटली असतीस," ताई म्हणाली. "मीही सुटले होते."

सासूबाई या दिवसांत धाकटीशी कामापुरतंच बोलल्या. पण तिच्या डब्यात रोज न सांगता एक फळ जास्त असायचं आणि तिची ओली बोचकी कुणीतरी आधीच दोरीपर्यंत नेऊन ठेवायचं. जाऊबाई म्हणत, आईंना राग आलाय. धाकटीला वाटायचं, राग नसावा, भीती असावी. अर्थात म्हणून तिने त्यांना माफ केलं होतं असं नाही.

ठरलेल्या दिवशी दवाखान्यात चौघं गेली. इस्त्रीला डॉक्टरांनी आत घेतलं नाही, जागा कमी आहे म्हणाले. सासूबाई मात्र सवयीने आत आल्या. ताई त्यांच्या मागून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"घेतल्या नाहीत गोळ्या," डॉक्टर कागद बघत म्हणाले. "हल्ली पेशंटच डॉक्टर झालेत. बरं, शेवटच्या पाळीची तारीख परत सांगा."

सासूबाईंचं तोंड उघडलं. धाकटीने पडल्या पडल्या हात वर केला.

"मी सांगते," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. पाळी किती उशिरा येते, शेवटची कधी आली, पट्टीवर रेघ कधी दिसली, कोरी तपासणी कधी झाली. डॉक्टर मध्ये बोलायला गेले तेव्हा ती थांबली नाही, जरा आवाज चढवून पुढे बोलत राहिली. रहदारीत ती हेच करायची. डॉक्टरांनी या वेळी चकती उचलली नाही.

मग पोटावर गार काहीतरी लागलं. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि धाकटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. तिला वाटलं, झालं, गेलं सगळं. आता मोठ्या जाऊबाई काय म्हणतील, डेपोत काय सांगायचं, ताईकडे कसं बघायचं, एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं.

"हं," डॉक्टर म्हणाले. "आहेत की ठोके."

त्यांनी एक बटण फिरवलं आणि खोलीभर आवाज घुमायला लागला. भराभर, धापा टाकत कुणीतरी पळत असावं तसा. धाकटीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहून कानात गेलं आणि तिने ते पुसलंही नाही. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला होता आणि त्या हुंदके देत हसत होत्या.

"साडेसहा आठवड्यांचं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "छान आहे. म्हणजे मागच्या वेळी तारखेचाच घोळ झाला. चुकीची तारीख दिली की आम्ही तरी काय करणार?" आपल्या हातून काय होणार होतं याचा त्यांच्या आवाजात मागमूसही नव्हता. शाळेत मास्तरांनी पोरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तारीख कुणी सांगितली होती?"

"मी," सासूबाई पदराआडून म्हणाल्या. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या ओशाळल्या होत्या, पण आनंदात होत्या.

"आणि माझी?" ताईने विचारलं.

डॉक्टरांनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांना ती आठवत नव्हती हे उघड दिसत होतं. "तुमची कुठली?"

"तुम्हाला नाही विचारत," ताई म्हणाली. ती आईकडे बघत होती. "सहा वर्षांपूर्वी मी याच पलंगावर पडले होते. यांनी तारीख विचारली आणि तू सांगितलीस. कुठून सांगितलीस, आई? मी तर तोवर सासरीच होते. माझ्या चादरी तुझ्याकडे येत नव्हत्या."

सासूबाईंनी पदर खाली घेतला. "तू काही बोलली नाहीस ना," त्या म्हणाल्या.

"मी बोलायच्या आधीच तू सांगून टाकलीस. मला वाटलं, आई सांगतेय म्हणजे बरोबर असेल. कुठून सांगितलीस?"

सासूबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग धाकटीकडे.

"अंदाजाने," त्या म्हणाल्या. "तू पहिल्यापासून नियमित होतीस. त्यावरून धरलं."

ताईने हळूहळू मान हलवली. डॉक्टर म्हणाले तेच खरं, असं धरून ती सहा वर्षं जगली होती.

"त्याआधी मी तापाने आजारी होते," ती म्हणाली. "तू धरलीस त्याच्या महिनाभर नंतर पाळी आली होती. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

खोलीत फक्त ते ठोके चालू होते, भराभर, मोठ्याने. धाकटीने डॉक्टरांच्या मनगटाला हात लावला आणि आवाज बंद करायला सांगितला.